पाणकरी उतरवली

आरमोरीहून मोहबोडीला येईस्तोवर रुखमाबाईने बैलगाडीत बसल्या बसल्या भावाला झापायची सगळी तयारी करून ठेवली होती. घनश्यामचा, म्हणजे धाकट्याचा, निरोप आला होता की भाऊ बाजेवरून उठत नाहीत, बाई, तुम्ही या. ऐकल्यापासून तिचं डोकं तापलं होतं. त्या घरात दिवसाढवळ्या बाजेवर पडायचं ते तापकऱ्याने, नाहीतर बाळंतिणीने. धडधाकट माणसाने, त्यातही गावाला तलावाचं पाणी वाटून देणाऱ्या पाणकराने, ऐन धानाच्या रोवण्याच्या तोंडावर भिंतीकडे तोंड करून पडावं म्हणजे काय? आई गेल्यावर या दोघांची नाकं हिनेच पुसली होती. झापायचा हक्क तिचा होता आणि तो ती पुरेपूर वापरत आली होती.

सपरीत, घराच्या ओसरीत, पाऊल टाकताच तिने सुरुवात केली. "काऊन गा मनसाराम, तब्येत काय म्हणते?"

मनसारामने मान वळवली. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. "बरी आहे," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय?"

आणि त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. धरून भांडावं असा एकही कंगोरा त्या उत्तराला नव्हता. रुखमाबाईची गाडीभर तयारी जागच्या जागी सुकली. चिडलेला माणूस तिला कळत होता, रुसलेला कळत होता, पिऊन आलेला तर चांगलाच कळत होता. हा कोणता, ते तिला कळेना.

देवकाबाईने तिला चुलीपाशी नेलं. मनसारामची बायको मोठी सोशीक, तोंडातून शब्द काढायचा म्हणजे चिमट्याने काढावा लागे. पण आज तिला कोणीतरी विचारायचीच खोटी होती. "दिवाळीपासून असं आहे, बाई. झोपत नाई. ताट ठेवलं का खाते, नाई ठेवलं तर मांगत नाई. तलावातल्या आसरांनं धरलं म्हणून वटी भरली, कोंबडं देलं. काही फरक नाई. परवा धानाचे परे पाहाले नेलं बांधीवर, तर म्हणते, ही कोणाची बांधी? आपलीच बांधी, बाई."

ती रडली नाही. पीठ मळत राहिली.

झालं काय होतं, ते गावाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मालगुजारी मोडली तसा मोहबोडीचा तलाव सरकारचा झाला, म्हणजे कोणाचाच राहिला नाही. पूर्वी मालगुजाराचा माणूस येऊन पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकून घेई, तुडुमाचे दगड बसवून घेई. आता सरकारी लोक जिल्ह्याला, चांद्याला अर्ज करा असं सांगत होते. पाण्याची वाटणी मात्र पहिल्यासारखीच मनसारामच्या घराकडे होती. तलावाचं पाणी सोडायचं ते तुडुमातून. दगडी पायऱ्यांनी पाण्यात उतरायचं, बुडी मारायची आणि भोकातला लाकडी खुंटा काढायचा. खुंट्याला हात लावायचा तो फक्त पाणकराने. पाणी कोणाला कधी, किती, हे तोच ठरवणार, आणि त्याच्या घरच्या धानाच्या बांध्यांना पाणी सगळ्यांच्या शेवटी. बापाने असंच केलं, आजाने असंच केलं.

गेल्या साली पाऊस लवकर गेला. गाव म्हणत होतं, आता पाणी सोड. मनसाराम म्हणाला, थांबा, हत्ती नक्षत्राचा पाऊस पडेल, धान गर्भावर आलं का मग सोडू. हे काही त्याचं वेड नव्हतं, बापानेही एका सालात असंच राखून गाव जगवलं होतं. पण बापाच्या काळी तुडूम गळत नव्हतं. हत्ती कोरडा गेला, आणि राखलेलं पाणी दगडांच्या फटीतून निघून नाल्याला लागलं. त्याने खुंटा काढला तेव्हा खालच्या बांध्यांपर्यंत पाणी पोचलंच नाही. लोंब्या उभ्या राहिल्या, पांढऱ्या आणि पोकळ. खालच्या अंगाचा लटारू बायकापोरं घेऊन कोळशाच्या खाणीकडे निघून गेला. मनसारामला कोणी एका शब्दाने बोललं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा पाणकर, त्याला काय बोलणार?

आता रोवायचे परे हातभर झाले होते, पावसाने दडी मारली होती, आणि गावाचा निरोप आला होता की उद्या तुडूम उघडा. कोण उघडणार, ते घराने ठरवावं.

दुपारी सगळे सपरीत बसले. चुलते बापूजी मधोमध, कमरेत वाकलेले पण आवाज अजून खणखणीत. घनश्याम खांबाला टेकून. देवकाबाई उंबऱ्यात. घनश्यामची बायको चंदा दाराआड, कारण भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती येत नसे. आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो मनसाराम तिथेच बाजेवर. त्याच्यासमोर सगळे तो घरात नसल्यासारखे बोलत होते.

"पाणकरी या घरातून जाता कामा नये," बापूजी म्हणाले. "मनसाराम नुसता उभा राहीन. पाण्यात घनश्याम उतरन. नाव त्याचंच."

"म्हणजे बुडी मी माराची आन बोल भाऊनं खाचे?" घनश्याम म्हणाला. "या साली चुकलं काही तर लोक पुन्हा त्याईच्याच कडं पाहातीन. मले द्याची तर पुरी द्या, नाईतर नका देऊ."

"तुले हवीच होती म्हण ना."

"हवी कशाले राहीन, बापूजी? शेवटी पाणी भेटते आपल्याले. कोणाले हवी राहीन असली पाणकरी?"

देवकाबाई खाली मान घालून म्हणाली, "काढून घ्या ना, बाई. त्याईच्या जिवाले तेच लागलं आहे. रात्री उठून पाणी पाहाले जाते. ते डोकश्यावरचं उतरलं तर झोपतीन तरी."

तेव्हा दाराआडून चंदा बोलली. "मग भाऊजी करतीन काय?"

"काय करतीन म्हणजे?" रुखमाबाईने मान वळवली.

"पाणकरी गेल्यावर. दिवसभर करतीन काय?"

या प्रश्नाचा सगळ्यांनी एकच अर्थ लावला. चंदा घरात आपमतलबी म्हणून ठरलेली होती. नवऱ्याच्या मानेवर जू नको म्हणून ती खोडा घालते आहे, एवढंच रुखमाबाईच्या मनात आलं. "आराम करन," ती तोडून म्हणाली. "जल्मभर गावाचं पाणी वाहिलं, आता बसून खाईन. तू भाकरी कमी नको करू म्हणजे झालं."

मग रुखमाबाईने बापूजींना सांगितलं की मोठी लेक म्हणून माझा शब्द मानता तर माना, पाणकरी उतरवा. याचं ओझं काढा. बापूजींनी बरंच खाकरून घेतलं आणि पुतण्याकडे वळले. "मनसाराम, ऐकून राह्यला ना? तुझं म्हणणं काय?"

"देऊन टाका," मनसाराम म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला की सगळे दचकले. मग तो उठून बसला, कोपऱ्यातली बापाची कुदळ आणली, आपल्या खांद्यावरचा दुपट्टा घनश्यामच्या डोक्याला बांधला आणि कुदळ त्याच्या हातात दिली. पाणकरी द्यायची ती अशीच. घनश्यामचे डोळे भरून आले. "भाऊ, तुम्ही सांगान तसंच करीन," तो म्हणाला. मनसारामने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर नवलच झालं. मनसाराम सगळ्यांच्या आधी उठला. न्हाव्याला बोलावून दाढी केली, आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला आणि चालत तलावावर आला. गाव गोळा झालं होतं. नारळ फुटला, घनश्यामने बुडी मारली, आणि खुंटा निघाल्यावर खालून पाणी भस्सकन पाटात आलं. बाया पदर सावरून बाजूला झाल्या. मनसाराम पाळीवर उभा राहून भावाला नीट समजावून सांगत होता. डाव्या अंगाच्या तिसऱ्या दगडाखाली फट आहे, तिथी काळी माती ठासजो, मुरूम नको. खालच्या बांध्याईले आधी दे. लटारूची बांधी पडीत आहे, पण तिच्याही धुऱ्याबांधावर लक्ष ठेव, तो परत आला तर? एवढे शब्द त्याच्या तोंडून दिवाळीपासून कोणी ऐकले नव्हते. म्हातारे एकमेकांकडे पाहून माना हलवू लागले. बापूजींनी तर रुखमाबाईला भर लोकांत म्हटलं, "तू होती म्हणून झालं, बाई." रुखमाबाईचा ऊर भरून आला. आरमोरीला जाऊन सांगण्यासारखी ही गोष्ट झाली, असं तिला वाटलं.

घरी येऊन वडे तळायला घेतले. तांदळाचे वडे, बरबटीची उसळ, घरात सणच. देवकाबाई थापता थापता मध्येच हसत होती. तिचं हसू रुखमाबाईने इतक्या सालांत मोजकंच पाहिलं होतं.

"काय झालं वं?"

"काई नाई, बाई." मग लाजून म्हणाली, "आज सकाळी मले म्हणाले, आपली लेक मैना तान्ही होती तेव्हा मी तुले एकदा मारलं होतं, भाजी करपली म्हणून. ते माह्या मनात राहून गेलं होतं. माफ कर म्हणाले. मी हासली आन म्हनलं, मले तर आठोतबी नाई. खोटंच म्हनलं. आठोते ना. पण त्याईनं ध्यानात ठेवलं, म्हणजे पाहा."

"आन काय म्हणाला?"

"नवं धोतर गड्याले देऊन टाकलं. चंदाच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. गोठ्यात जाऊन मोठ्या बैलाले आपल्या हातानं ढेप चारली. मन मोकळं झालं, बाई. तुमच्याच पायगुणानं."

रुखमाबाईच्या हातातला झारा कढईतच राहिला.

तिचे धनी गुणवंतराव गेले, त्या दिवशी सकाळी त्यांनीही असंच केलं होतं. सासूच्या पायाला तेल लावलं, शेजाऱ्याशी साल दीड साल अबोला होता तो मोडला, आणि हिला म्हणाले, तुझ्या हातचा भात चांगला असते, मी कधी बोललो नाई. ती दिवसभर खुशीत होती. संध्याकाळी वैनगंगेवरून लोक आले. पाय घसरला, असं तिने सगळ्यांना सांगितलं, आणि लोकांनी ते ऐकून घेतलं. पुढे सांगून सांगून तीही ते मानायला लागली होती. आता या उकळत्या तेलासमोर तिला ती सकाळ जशीच्या तशी दिसली.

"मनसाराम कुठी आहे?"

"वाडीकडं गेले ना. म्हणाले, येतो जेवाले."

तो वाडीत नव्हता. रुखमाबाई भर उन्हात तलावाच्या वाटेला लागली. पळायचं तिचं वय नव्हतं, पण ती पळाली. पाटाचं पाणी वाटेवर आलं होतं, त्यात लुगडं भिजलं, तिने पाहिलं नाही. सकाळची गर्दी पांगून सगळे आपापल्या बांधीत चिखल करायला गेले होते. पाळीवर कोणी नव्हतं. तुडुमाच्या वरच्या पायरीवर मनसाराम बसला होता. वहाणा बाजूला नीट लावून ठेवलेल्या, त्यावर घडी केलेला सदरा.

ती त्याच्या शेजारी बसली. दम लागला होता. बरंच काही बोलायचं मनात आलं, आणि तिने एकच विचारलं.

"मनसाराम, मराले आला का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. हे आजवर त्याला कोणी विचारलं नव्हतं. "व्हय," तो म्हणाला. जेवला का म्हणून विचारल्यावर म्हणतात तसं म्हणाला.

"काऊन गा?"

"कोणी शिव्या देल्या असत्या ना, बाई, तर बरं झालं असतं. लटारू गाडीत भांडेकुंडे भरून निंगाला, तर माह्या दारापुढं गाडी थांबवून राम राम करून गेला. त्यानं राम राम काऊन केला? रोज सकाळी डोळे उघडले का छातीवर जातं ठेवल्यावाणी वाटते. उठाचं कशाले, ते समजत नाई. बांधी पाहिली तर बांधी वाटत नाई. देवका बोलते तर तिचा आवाज दुरून येते. मी लय कोशिस केली. मले कशाचंच काई वाटत नाई."

"मग इतके दिवस?"

"पाणकरी होती ना. वाटे, तुडूम उघडाचं आहे. एवढं काम करून मग जाऊ. तेवढ्यासाठी राह्यलो." तो थांबला. "आता घनश्याम पाहीन. त्याले सगळं सांगलं."

रुखमाबाईला कोणी कानफटात मारल्यासारखं झालं. ज्याला ती ओझं समजली, त्यालाच हा धरून बसला होता, आणि काल चार माणसांत बसून तिने ते त्याच्या हातून सोडवून घेतलं. दाराआडून ती पोरगी विचारत होती, मग भाऊजी करतीन काय, आणि हिने तिला भाकरीचा टोमणा मारला. शरमेने तिचा जीव अर्धा झाला. "माहं चुकलं," ती म्हणाली. "घनश्यामले सांगतो. कुदळ परत घेऊ."

"नको, बाई. आता माह्याच्यानं खरंच होत नाई. पुन्हा चुकलं तर?"

"मग काय करशीन?"

"मले मालूम नाई."

"मलेबी मालूम नाई," रुखमाबाई म्हणाली. आणि मग, ज्या गोष्टीवर तिने उभा जन्म झाकण ठेवलं होतं, ती तिच्या तोंडून निघाली. "तुझे भाऊजी पाय घसरून नाई गेले वैनगंगेत."

मनसाराम वळला.

"त्याईनंबी त्या सकाळी असंच गोड गोड केलं. मी खुशीत होती दिवसभर. मले समजलं नाई. आज देवका सांगत होती का तू माफी मांगली, तेव्हा समजलं." तिने त्याचं मनगट धरलं. "मी एकदा हे भोगलं आहे, मनसाराम. दुसऱ्यांदा होणार नाई माह्याच्यानं. तू देवकासाठी नको राहू, गावासाठी नको राहू. मले म्हातारीले त्रास नको म्हणून राह्य."

त्याचे ओठ हलले. मग तो रडायला लागला, आवाज न करता, सगळं अंग हलवत. तिने त्याला गप्प केलं नाही. खाली पाटातून पाणी वाहत होतं, कोणाच्या तरी बांधीत बैलांना हाकलल्याचा आवाज येत होता.

"आज घरी चाल," ती म्हणाली.

"आज येतो. उद्याचं नाई सांगत."

"उद्याचं उद्या इचारीन."

तिने सदरा उचलून त्याच्या हातात दिला. तो घालताना त्याला बाही सापडेना, तर लहानपणी द्यायची तसा तिने हात घालून दिला. दारापाशी आल्यावर तो थांबला. "घरी सांगू नको, बाई. आज नको."

आत पंगत बसली होती. घनश्यामचे केस अजून ओले, अंगावर पाणकरीचा दुपट्टा. बापूजी पाटावर. देवकाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि ती वाढत होती, चेहरा उजळलेला.

"ये, ये," बापूजी म्हणाले. "कुठी गेले होते भाऊबहीण? बस, मनसाराम. कोणाची नजर होती, निंगून गेली. बरा झाला माहा पोरगा."

मनसारामने बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते तिला कळलं. गप्प बसणं किती सोपं होतं. आरमोरीला ती तशीच बसली होती, आणि लोकांनी तिला भला नवरा गेलेली भली बाई म्हटलं होतं.

"बरा नाई झाला, बापूजी," ती म्हणाली. "तुडुमावर बसला होता. जीव द्याले गेला होता. मी आणलं त्याले."

घनश्यामचा घास हातात राहिला. बापूजींचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "असं अभद्र बोलू नये, बाई," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "आज चांगला दिवस आहे."

"आजच बोलाचं. आजपासून त्याले एकटं सोडाचं नाई. आन कोणी त्याच्या म्होरं, तो नसल्यावाणी बोलाचं नाई. मी इथीच राहाले आली, आरमोरीले सांगून द्या." मग ती दाराकडे वळून म्हणाली, "चंदा, तू काल बरोबर इचारलं होतं."

चंदा डोक्यावरचा पदर पुढे ओढून बाहेर आली, भासऱ्यासमोर पहिल्यांदाच, आणि तिने घनश्यामच्या पाटाशेजारी आणखी एक पाट मांडला.

मनसाराम उभाच होता. देवकाबाईने वड्यांचं ताट खाली ठेवलं. ती त्याच्याजवळ गेली, सगळ्या मोठ्या माणसांसमोर त्याचा हात धरला, तेलकट हातानेच, आणि त्याला पाटावर बसवून आपणही शेजारी जमिनीवर बसली. त्या घरात बाई अशी कधी बसली नव्हती. तिला त्याचं भानच नव्हतं.

"मले सांगाचं होतं," ती म्हणाली. "सकाळी माफी मांगली, तेव्हाच सांगाचं होतं."

"सांगत होतो," मनसाराम म्हणाला. "पण तू हासली."